आयेनं घेतलेलं नाव

मी रत्नागिरी सोडली तेव्हा आये मला पोचवायला आली नाही. मीच तिच्याकडे गेले. मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळचा लिलाव चालला होता. बोटी ओळीनं लागल्या होत्या आणि आये बायकांच्या घोळक्यात वाकून पापलेटांचे डोळे बघत होती. माझ्या खांद्याला सॅक आणि हातात चाकांची नवीकोरी बॅग. जेटीवरच्या खवल्यांत नि चिखलात तिची चाकं फिरेनात, म्हणून मी ती उचलूनच धरली होती. हातखंब्याहून मुंबईची गाडी पकडायची होती, रिक्षा रस्त्यावर उभी होती. मी म्हटलं, "आये, निघते." तिनं मान वर केली नाही. लिलाववाला भाव चढवत होता आणि तिचा एक हात त्याच्यासाठी वर होता. दुसरा हात तिनं न बघताच मागे केला. मी तो धरला. बर्फात घालून काढल्यासारखा गार होता.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली. "नि तिकडं मासळी बघून घे, शिळी गळ्यात मारतील."

मग तिनं हात सोडवून घेतला, कारण पापलेटांची पाटी तिला मिळाली होती.

मला त्या पापलेटांचा हेवा वाटला. हसू नका. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना निघताना कोणाच्या तरी डोळ्यांतलं पाणी आठवत असेल. मला आठवतं ते हे, की माझी आई माझ्याकडे बघण्याऐवजी माशांकडे बघत होती. आणि जे मागे राहिलात, ज्यांना वाटतं की बाहेर गेलेल्यांना कशाचीच कमी नसते, त्यांनी एवढं लक्षात ठेवा की आम्ही तिकडे बसून तुमचा हेवा करतो. मी तर केलाच. पुढे ज्याचा केला तो माणूस आमच्या गावचा नव्हता, हा भाग वेगळा.

आमच्या घरात मी आणि आये दोघीच. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. ते तांडेल होते, म्हणजे बोट नि बोटीवरची माणसं त्यांच्या शब्दावर चालायची. समुद्रानं त्यांना कधी त्रास दिला नाही. घरी अंथरुणावर, कावीळ होऊन गेले. दिवसपाणी झाल्यावर आयेनं मासळीची टोपली उचलली ती उचललीच. बाबांबद्दल ती माझ्याशी बोलली नाही. मी विचारलं तर म्हणायची, "तुजे बाबा चांगले होते. भात खा." बंदरावर सगळे त्यांना बाबल म्हणायचे. कागदावर यशवंत, पण यशवंत कोण असं विचारलं असतं तर जेटीवर कोणाला सांगता आलं नसतं. आये मात्र 'हे' म्हणायची, फार तर 'तांडेल'. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे तिनं इतकं मनापासून पाळलं की बाबा होते तेव्हासुद्धा हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी हटून बसल्या की ती हसून सुटका करून घ्यायची. "माजं तोंड भाव करायला दिलंय देवानं, नाव घ्यायला नाय."

मी मासळीचंच शिकले. रत्नागिरीत पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्तीवर पोर्तुगालमध्ये, लिस्बनला गेले. तिथंच डबाबंद तारली माशांच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. कोळणीची पोर ती, फिरून मासळीतच आली. पहिल्या वर्षी त्या परक्या भाषेनं माझा जीव खाल्ला, पण मधूनच ती ओळखीची होऊन समोर यायची. साबणाला साबाओं, चावीला शाव्ह, मेजाला मेझा, बादलीला बाल्द. आपले शब्द तिकडचे, की तिकडचे आपले, हे शाळेत कधीतरी वाचलं होतं. पण बंदरावरच्या एका माणसानं मासळीच्या लिलावाला 'लेलाओं' म्हटलं तेव्हा मी भर बाजारात थांबले. तो शब्द मला आयेसारखा ऐकू आला.

तो मी नूनोला सांगितला. नूनो जॅझ पियानो वाजवायचा. नदीकाठच्या एका लहानशा जागेत संध्याकाळी त्याचा कार्यक्रम असायचा, मी मैत्रिणींबरोबर गेले होते. जॅझ म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ओळखीची चाल घ्यायची, तिच्यापासून लांब जायचं, आणि आपण हरवलो नाही हे शेवटी दाखवायचं." घर सोडलेल्या मुलीला असं कोणी सांगितलं तर ती काय करणार? पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं.

आयेनं लग्नाला नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. फोनवर ती सुरमईचा भाव सांगायची. राग असला तर बांगड्याचा पण सांगायची. "माकूल आज कोण घेत नव्हतं," हे तिचं वाक्य म्हणजे माझ्या लग्नाबद्दलचं मत, असं मी धरून चालले. नूनोच्या आईला मी त्याच्यासारखीच हाक मारू लागले. पोर्तुगीजमध्ये आईला म्हणतात ते कानाला आपल्या 'माय'सारखंच लागतं, त्यामुळे मला जड गेलं नाही. फोन चालू असताना मागून तिनं काही विचारलं तर मी "हो माय, आले" म्हणायची. आये पलीकडे काही बोलायची नाही.

मग आमच्या शेजारच्या शेवंतीकाकूचा फोन आला. काकू आयेच्या बरोबरीनं बाजारात बसते. आये जेटीवर घसरून पडली होती, पायाचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लास्टर चढलं, आता काही आठवडे जमिनीला पाय लावायचा नाही. मी लॅबमधून मोठी रजा काढली. नूनो म्हणाला, मीपण येतो.

त्याचं असं चाललं होतं की दोन वर्षांत त्याला नवीन काही सुचलं नव्हतं. हॉटेलांत दुसऱ्यांच्या चाली वाजवायचा आणि घरी आला की पियानोच्या झाकणावर कपड्यांच्या घड्या ठेवायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझं गाव त्यानं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, येऊ दे. खरं सांगायचं तर माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. मनात एकच होतं, की आये आता घरात असणार, दिवसभर. मला माझी आई जन्मात पहिल्यांदा पुरती मिळणार.

पोचलो त्याच संध्याकाळी आयेनं फर्मान काढलं. "उद्यापासून शेवंतीबरोबर बाजारात बस. गिराईक एकदा दुसरीकडं गेलं की गेलं."

"आये, मी तुझ्यासाठी आलेय."

"मग माज्यासाठीच बस."

म्हणून मी रोज सकाळी काकूबरोबर जेटीवर जायची. लिलावात काकू बोलायची, मी पाट्या ओढायची, आणि मग आयेच्या जागेवर आयेच्या पाटावर बसून मासे विकायची. आणि घरी, ओटीवर, पाय स्टुलावर ठेवून बसलेली माझी आई दिवसभर मिळाली नूनोला.

पहिल्या दिवशी मी दुपारी आले तर दोघं हसत होती. आये हसताना तोंडावर पदर घेते, तो घेतलेला. नूनो हातात साबणाची वडी घेऊन उभा.

"रेश्मे, अगो ह्याला साबण कळतो! चावी म्हटलं तर चावी आणून दिलीन. बादली पण आणलीन. हा आपल्यातलाच की गो!"

"ते शब्द त्यांच्याकडूनच आलेत आये, मी तुला फोनवर सांगितलं होतं."

"तू सांगितलंस तेव्हा मला काय म्हायत, खरं असंल म्हणून."

नूनो तिच्या जिभेवर बसेना. दोन दिवस तिनं प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवसापासून त्याला नानू म्हणू लागली. आमच्याकडे दर चार घरांत एक नानू असतो. तो त्या हाकेला ओ द्यायला शिकला.

येताना त्यानं घडी घालायचा लहान कीबोर्ड आणला होता. कानाला हेडफोन लावून ओटीच्या कोपऱ्यात बसायचा. आयेनं एक दिवस बघितलं आणि मला विचारलं, "हा नुसती बोटं नाचवतोय, आवाज कुठं जातो?" मी सांगितलं की आवाज त्याच्या कानात जातो. "म्हणजे एकट्यानं खाल्ल्यासारखं," ती म्हणाली. मी ते नूनोला सांगितलं, त्यानं हेडफोनची वायर काढून टाकली, ती परत लावलीच नाही.

मग दुपारी त्यांचा एक क्रम बसला. आये लसूण सोलायची, नाहीतर तांदूळ निवडायची, आणि बोलत राहायची. नूनो एक अक्षर न कळता ऐकायचा आणि हळूच, तिच्या आवाजाखाली, वाजवत राहायचा. ती थांबली की तो थांबायचा. पायरीवरूनच मला ते ऐकू यायचं. मी आत आले की आये म्हणायची, "आलीस? हात धू," आणि दोन्ही बंद. मी हात धुऊन यायची तोवर ती बाजाराचं विचारू लागलेली असायची. कोण आलं होतं, सुरमई खपली काय, सुट्टे कमी पडले नाहीत ना.

एका रविवारी गाभोळीचा मासा मिळाला. गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. आमच्या घरात ती तळली की माझी, हे मी बोलायला लागले तेव्हापासून ठरलेलं. आयेनं पाय लांब करून बसल्या बसल्या स्वतः वाढलं आणि गाभोळी नूनोच्या ताटात ठेवली. त्याला ते काय आहे तेसुद्धा माहीत नव्हतं. मी बघत राहिले. तिशी ओलांडलेली बाई, एका माशाच्या अंड्यांवरून डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पाणी आणायच्या निमित्तानं उठले. त्यानं अर्धी तोडून माझ्या ताटात घातली. त्याचा मला जास्तच राग आला. माझंच मला कोणीतरी वाटून देत होतं.

आयेचं प्लास्टर निघालं, ती काठी घेऊन अंगणात फिरू लागली, आणि आम्ही लिस्बनला परत आलो. निघताना तिनं नूनोच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला म्हणाली, "ह्याला नीट जेवू घाल, वाळलाय."

घरी आल्यावर पियानोच्या झाकणावरच्या घड्या त्यानं त्याच दिवशी उचलल्या. मी कामावरून यायची तेव्हा तो वाजवत असायचा, पण मी आले की उठायचा. काय चाललंय विचारलं तर म्हणायचा, झाल्यावर. पुढं कधीतरी एका जुन्या सभागृहात जाऊन त्यानं एकट्यानं ते सगळं रेकॉर्ड केलं. ना ढोल, ना बास, ना ट्रम्पेट. नुसता पियानो. त्याचा पहिला एकट्याचा अल्बम. एका शनिवारी त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, ऐक. अल्बमचं नाव 'लेलाओं'. लिलाव.

पहिली रचना लागली आणि मी जेटीवर गेले. लिलाववाल्याचा आवाज होता तो. एकाच सुरावर टोचत राहणारा, मग एकदम वर उडी, मग पडता ठोका, की पाटी गेली. दुसऱ्या रचनेत आये भाव करत होती. शब्द नव्हते, पण मला ऐकू येत होतं, आता ती म्हणतेय नाय परवडत, आता ती उठून जायचं नाटक करतेय. तिसरीत ती मांजरीला हाकलत होती आणि तिलाच माशाचं डोकं टाकत होती. मी हसले. मनात कुठंतरी म्हटलं, हा लिलाव शब्द माझा होता, मीच ह्याला दिला होता, पण हसले.

मग चौथी. ती संथ होती. डाव्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. उजव्या हातात एक लहानशी चाल, दोन सुरांची, पुन्हा पुन्हा येणारी, दर वेळी जरा वेगळीकडे वळणारी. आवाज आयेचाच होता, तिचं हेल काढणं, वाक्याच्या शेवटी खाली न येता तरंगत राहणं. पण त्यात ती रागावत नव्हती, भाव करत नव्हती, मला जेवायला बोलवत नव्हती. लाडानं बोलत होती. कोणाची तरी थट्टा करत होती. माझ्या आईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ह्याचं नाव बाबल," नूनो म्हणाला. "तिचा आवडता शब्द असावा. रोज दुपारी यायचा. मला वाटलं, 'दमले' किंवा 'समुद्र' असं काहीतरी असेल. तुला विचारणार होतो, मग म्हटलं, नको, न कळताच राहू दे."

तो शब्द त्यानं किती सहज उच्चारला. माझ्या आईनं ते नाव बाबा होते तेव्हा, बाबा गेल्यावर, कधीही कोणासमोर घेतलं नव्हतं. माझ्यासमोर तर नाहीच. आणि ते तिनं रोज दुपारी घेतलं, मी तिच्या पाटावर बसून बांगडे विकत असताना, ह्या माणसासमोर.

मी त्याला सांगितलं की बाबल म्हणजे माझे बाबा. त्याचा चेहरा उतरला. पण मी थांबले नाही. म्हटलं, तू माझं गाव घेतलंस, माझी आई घेतलीस, आता माझा बाप पण वाजवतोस. तुला मराठी येत नाही म्हणून तुला सगळं मिळालं आणि मला येते म्हणून मला सुरमईचा भाव. हे मी पोर्तुगीजमध्ये सुरू केलं आणि मराठीत संपवलं. तो गप्प ऐकत होता, ओटीवर बसायचा तसाच, आणि तेच मला सहन होईना.

"मी काढून टाकतो," तो शेवटी म्हणाला. "ती रचना काढतो. म्हणशील तर सगळंच थांबवतो."

खोटं बोलत नव्हता. खरंच थांबवलं असतं. दोन वर्षं रिकामा बसलेला माणूस पुन्हा वाजवू लागला होता, आणि मी 'हो' म्हटलं असतं तर तो पुन्हा घड्या ठेवायला लागला असता, हे मला दिसत होतं. तरी 'हो' माझ्या ओठांवर होतं.

"थांब," मी म्हटलं. "आयेला विचारते."

हे फोनवर विचारायचं नव्हतं. नाताळाच्या आधी थोडी रजा होती ती घेऊन मी गेले, एकटीच. आये आता बाजारात बसत होती, जेटीवर मात्र शेवंतीकाकू जायची. दुपारी आये अंगणात चटईवर सोडे निवडत होती, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. मी मोबाईल तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, नानूनं वाजवलंय, ऐक.

लिलाववाला तिला लगेच कळला. "अगो, हा तर आपला गणू! घशात घरघर हाय त्याच्या, ती पण वाजवलीन!" भाव करणं ऐकून म्हणाली, "ही कोण बया? लय ताणतेय." मी म्हटलं, तूच. ती इतकी हसली की सोडे सांडले.

मग चौथी लागली. तिचे हात थांबले. शेवटपर्यंत ती हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." मी लावली. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले होते.

"ह्याचं नाव त्यानं बाबल ठेवलंय," मी म्हटलं.

ती चमकली. "त्याला कोणी सांगितलं?"

"तूच. तू नाव घेतलंस आये. रोज."

तिनं चटईवर सांडलेले सोडे गोळा केले. "घेतलं असंल," ती म्हणाली. "बोलण्याच्या भरात आलं असंल. त्याला काय कळतंय? भिंतीशी बोलल्यासारखं. फक्त भिंत मान हलवत नाय, हा हलवायचा."

"मला का नाही सांगितलंस कधी? इतकी वर्षं मी विचारत होते."

"तुला सांगायला लागलं की तू रडायचीस. पयल्या वर्षी दोनदा सांगायला बसले, दोनदा तू रडलीस. मग तुला गप करण्यात माजा वेळ जायचा नि माजं तसंच राहायचं." तिनं सोडे पुढ्यात ओढले. "म्हणून सोडून दिलं."

मला ते आठवत नव्हतं. तिनं दोनदा प्रयत्न केला होता हे मला माहीतच नव्हतं. मी रागावून आले होते आणि आता राग ठेवायला जागा सापडत नव्हती.

"तुला नानूचा राग आलाय काय?" तिनं विचारलं.

"आलाय."

"येऊ दे. मला पण येतो."

"नानूचा?"

"नाय गो. तुज्या त्या मायचा."

मी मोबाईल बंद करून बाजूला ठेवला.

"फोनवर ऐकते मी. हो माय, आले माय. कोण कुठली बाई, तिला माय. नि मी आये ती आयेच. चार वर्षं ऐकतेय. तुजा फोन ठेवला की मला भात जात नाय." हे सांगताना तिचा चेहरा अगदी शेजारणीशी भांडताना होतो तसा झाला होता. "तिनं तुला काय दिलंन? माशाला हळद लावायची ती पण लावत नाय, तूच सांगितलंस."

मी हसू लागले, मग मला थांबता येईना. तीही हसली, पण राग सोडून नाही. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत मला कोणी काही दिलं असेल तर ते हे. आईलाही हेवा वाटत होता. माझ्यावरून, माझ्यासाठी, थेट लिस्बनपर्यंत.

"मग त्या नावाचं काय करू?" मी विचारलं. "तो म्हणतो काढून टाकतो."

"काढू नको म्हणावं. एवढं मन लावून वाजवलंन." ती जरा विचारात पडली. "पण नुसतं बाबल बरं नाय दिसत. कोण बाबल, म्हणून लोक विचारतील. बाबल तांडेल लिवायला सांग. बोट होती त्यांच्या हाताखाली."

मी नूनोला मेसेज केला. त्यानं अक्षरं नीट लिहून मागवली.

मग मी चटईवर तिच्याजवळ सरकले. म्हटलं, "आता मला सांग काहीतरी. मी रडणार नाही."

"हे निवड," म्हणून तिनं अर्धे सोडे माझ्याकडे ढकलले. "हात चालू असले की बोलवतं."

आणि तिनं मला बाबांची एक गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली, फार तर पाच मिनिटांची. त्यात कोणी मोठं काम केलेलं नाही, कोणी मेलेलं नाही. ती सांगताना तिचा आवाज त्या चौथ्या रचनेतला झाला, तसाच तरंगणारा, आणि मी निवडलेले सोडे न निवडलेल्यांत टाकत राहिले. मी रडले नाही. शेवट असा होता की दोघी ओरडून हसलो आणि शेवंतीकाकू कुंपणाशी येऊन विचारू लागली, काय झालं गो? आये म्हणाली, "काय नाय, सोड्यांत खेकडा निघाला."

अल्बम आला. लिस्बनमध्ये त्याचा कार्यक्रम झाला, सभागृह भरलं होतं, पुढच्या रांगेत मी आणि नूनोची आई. मी तिला अजून माय म्हणते, पण आयेचा फोन चालू असताना नाही. 'बाबल तांडेल' त्यानं शेवटी वाजवलं. लोक इतके शांत होते की पियानोच्या पेडलचा आवाज येत होता. सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि मला, खरं सांगते, त्या सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घ्यावंसं वाटलं. बाहेर पडताना शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मला विचारलं, "बाबल तांडेल हे तुमच्या गावाचं नाव का?"

मी म्हटलं, "हो."

नूनो जवळच होता. त्यानं ऐकलं आणि माझं बोलणं खोडलं नाही.

आता रविवारी आयेचा फोन येतो तेव्हा ती आधी नानूला मागते. तो फोन घेऊन खिडकीत जातो, ती मराठीत बोलते, तो मान हलवतो. मी स्वयंपाकघरात असते. हेवा गेलाय असं मी म्हणणार नाही. गेला तर बहुतेक मला चुकल्यासारखं होईल. कोणी विचारलं की तुझं घर कुठलं, तर मी अजून रत्नागिरी सांगते, पण मनात येतं ते अंगण, सोड्यांचा वास आणि आयेनं मला, मलाच, मराठीत सांगितलेली ती पाच मिनिटं. नूनोनं एकदा विचारलं, त्या दिवशी तिनं तुला काय सांगितलं? मी म्हटलं, कोळंबीचा भाव.

तुम्हालाही मी एवढंच सांगेन. त्या दिवशी कोळंबी महाग होती.